वह्यांना ऊन

माझी मोठी जाऊ मला नोकरीभर एकच प्रश्न विचारत आली. "तू दिवसभर त्या खिडकीत बसून करते तरी काय वं?" आता मी निवृत्त झाले, पण तिचा प्रश्न काही निवृत्त होत नाही. फरक इतकाच, की आता ती "करत होती तरी काय" असं विचारते. खोटं कशाला सांगू, पुष्कळदा मी काहीच करत नसे. आमगावच्या आमच्या घराच्या माडीवर ती खिडकी आहे. समोर रेल्वेचे रूळ, रुळांपलीकडे धानाच्या बांध्या, बांध्यांत बगळे. मी बगळे पाहत बसायचे आणि टेबलावरचा लॅपटॉप माझ्या वतीनं कुठल्या कुठल्या यंत्रांना प्रश्न विचारत फिरायचा.

मी जात्याच तंद्रीखोर. "हिच्या हाती भात दिला की करपलाच समजा," असं आई म्हणायची. आधी नागपूर, मग पुणे आणि शेवटची काही वर्षं घरूनच, अशी माझी नोकरी झाली. त्या सगळ्यात भात एकदाच करपला. पण करपला तो असा, की त्याचा वास अजून नाकातून जात नाही. तेच सांगायला बसले आहे.

आधी काम समजावून सांगते, नाहीतर जावेसारखी तुमचीही पंचाईत व्हायची. आमच्या कंपनीकडे बारीकसारीक गिऱ्हाइकांची माहिती सांभाळायला असे. राइस मिल, दूध संस्था, शिकवणी वर्ग, रक्त तपासणाऱ्या लॅब. प्रत्येकाच्या माहितीचं एक कोठार, त्याला डेटाबेस म्हणतात. ही कोठारं आमच्या ऑफिसात नसत. ती क्लाउडवर असत, म्हणजे परगावी भाड्यानं घेतलेल्या अजस्र यंत्रांवर. आता प्रत्येकाला वेगळं यंत्र दिलं तर ते बहुतेक वेळ रिकामंच बसणार. त्यावर तोड म्हणून सामायिक साठा काढला. ऑफिसात त्याला रिसोर्स पूल म्हणतात, पण पूल म्हटलं की तुम्हाला नदी आठवेल, म्हणून मी आपला साठाच म्हणते. माझ्या माहेरी, केशोरीत, लग्नाची मोठी भांडी गावाची असत. गंज, पराती, झारे, सगळं समाजमंदिरात. ज्याच्या घरी कार्य त्यानं न्यावं, घासूनपुसून परत आणून ठेवावं. सगळ्यांची लग्नं एकाच दिवशी निघत नाहीत, या भरवशावर ते चालायचं. साठ्याचंही तेच. वीस डेटाबेस मिळून एकाच यंत्राची ताकद आळीपाळीनं वापरतात.

असे चाळीसेक साठे आमच्याकडे होते आणि त्यांची खबर ठेवणं हे माझं काम. त्यासाठी रोज सकाळी एक लिखित फर्मान सोडायचं. त्याला प्लेबुक म्हणतात. त्यात साध्या ओळी असतात. अमुक खात्यात जा, तिथले साठे शोध, प्रत्येकाचं नाव विचार, आकार विचार, आत किती डेटाबेस आहेत, वापर किती, मालक कोण, सगळं विचारून यादी आणून दे. ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा जास्त पडली तरी हे फर्मान रुसून बसतं. पण नीट लिहिलं, की माझा चहा होईपर्यंत चाळीस दारं ठोठावून परत येतं.

अशी फर्मानं दोन तऱ्हेची. एक विचारणारी, दुसरी करणारी. करणारं फर्मान साठा वाढवतं, कमी करतं, मोडतंसुद्धा. विचारणारं कशालाच हात लावत नाही. माझ्याकडे फक्त विचारणारी चावी होती, आणि ती मी मागून घेतलेली होती. तंद्रीखोर बाईच्या हाती करणारी चावी असू नये, एवढी अक्कल मला देवानं दिली होती. "मी कधी कोणाचं काही मोडलं नाही," असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

मजाही पुष्कळ यायची. गोंदियाच्या आठ मिल एका साठ्यात होत्या. त्या साठ्याचा वापर दिवसभर सुस्त आणि सकाळी अकरा वाजले की एकदम छताला टेकायचा. रोज. मी एका मिलच्या मुनीमजींना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, ग्यारह बजे सब सेठ लोग एक ही टपरी पर चाय पीते हैं. वहीं मोबाइल पे अपना अपना रिपोर्ट खोलते हैं, एक दूसरे को दिखाने के लिए." मी म्हटलं, त्यातल्या चौघांनी जरा पाऊण तास उशिरा चहा घेतला तर? मुनीमजी गंभीर झाले. "मॅडम, साठा बदल दो. चाय का टाइम नहीं बदलेगा." शेवटी आम्ही चार मिल दुसऱ्या साठ्यात हलवल्या.

एकदा मात्र यादी रिकामी आली. चूक नाही, तक्रार नाही, नुसते दोन कंस आणि मध्ये काही नाही. मी पुण्याला अनिरुद्धला फोन लावला. अनिरुद्ध आमचा प्रमुख. वयानं माझ्याहून बराच लहान, बोलणं मोजूनमापून. मी ओरडले, "अरे, सगळं गेलं!" तो म्हणाला, "ताई, आधी पाणी प्या. मग सांगा, कुठल्या खात्यात विचारलंत?" पाहते तर काय, मी जुन्या, बंद झालेल्या खात्याचं नाव लिहून बसले होते. तिथे आमचं काही नव्हतंच, आणि यंत्रानं प्रामाणिकपणे तसं सांगितलं होतं. यंत्र खोटं बोलत नाही, पण तुम्ही चुकीच्या दारी उभे आहात हेही सांगत नाही. हा धडा मी त्या दिवशी शिकले असं मला वाटलं. शिकले होते अर्धाच.

आता डोमाजीदादांकडे येते.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू होतात. ठरल्या दिवशी ठरल्या गावाची मंडई. त्या दिवशी लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, सोयरिकी जुळतात आणि नाटक होतं. होळीपर्यंत हा मोसम चालतो. मंडळ्या आज या गावात तर उद्या त्या गावात, नटांना पाठ करायला सवड कुठली? सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. तो स्टेजपुढच्या खड्ड्यात पेटीवाल्याच्या शेजारी बसतो आणि नटाला अर्धा श्वास आधी वाक्य देतो. डोमाजीदादा केशोरीचे प्रॉम्प्टर. आमच्या घरामागेच त्यांचं घर. माझ्या लहानपणापासून ते त्या खड्ड्यात बसत आले.

त्यांच्या वह्यांत नुसती नाटकं नव्हती. समासात बारीक अक्षरात नोंदी असत. 'इथे केशोरीत शिट्टी येते, थांबणे.' 'या वाक्यावर खलनायक नेहमी विसरतो, दोनदा देणे.' 'आमगावला बाया इथे रडतात, घाई नको.' चाळीस वर्षांच्या मोसमांत कुठल्या गावाचा श्वास कुठे अडतो, ते सगळं त्या समासांत होतं. मग एका पावसाळ्यात वह्यांना उदई, म्हणजे वाळवी, लागली. चार वह्यांचा पार भुगा झाला. दादा तो भुगा परातीत घेऊन बसले होते, असं त्यांच्या लेकीनं, रेखानं, मला सांगितलं. तेव्हा तिनं उरलेल्या वह्या समासासकट टाइप करून काढल्या. दोन वर्षं लागली तिला. चांगलं केलं, कारण पुढच्या पावसाळ्यांत बाकीच्याही गेल्या.

त्या सुमारास आमच्या कंपनीनं एक लहानसा साठा गावाकडच्या संस्थांसाठी फुकट ठेवला होता. कर्मचाऱ्यांनी आपापल्या गावचं एखादं काम आणावं, अशी सोय. मी डोमाजीदादांच्या वह्या आणल्या. रेखाला मोबाइलवर वाचता येतील असं साधं पान करून दिलं. टाइप केलेली प्रत आता तेवढी एकच. फॉर्म भरताना मालकाचा रकाना आला, आणि तो मी कोरा ठेवला.

का, ते सांगते. माझे वडील मंडईच्या स्टेजला दरवर्षी ताडपत्री द्यायचे. माइकवरून देणगीदारांची नावं पुकारत, पण वडिलांचं नाव कोणी घेतलं तर ते भरसभेत उठून जात. "देल्ल्याची पाटी लावली का ते देनं नोहोय, इकनं आहे," असं ते म्हणत. पाटी लावून दिलं तर ते विकणंच झालं. केशोरीत अजूनही कितीतरी घरं मंडईला असंच बिननावाचं देतात. मग मी दिलेल्या जागेवर माझं नाव लावू? छे. आणि दादांचं लिहिलं असतं तर त्यांच्यावर उपकार केल्याची पाटीच झाली असती. म्हणून कोरा. फार मोठं मन दाखवलं असं मला वाटलं होतं.

वर्षं गेली. त्या साठ्यातली बाकीची कामं एकेक करून हलली नाहीतर बंद पडली. उरल्या एकट्या वह्या, आणि साठ्याच्या नावात होता नुसता क्रमांक. मग एका उन्हाळ्यात अनिरुद्ध म्हणाला, "ताई, पडीक साठे ओळखायचा एक नियम तुम्हीच बसवून द्या." मी बसवला. नव्वद दिवसांत वापर शून्य आणि मालकाचा रकाना कोरा, तर साठा पडीक समजावा. श्रावण लागला त्या दिवशी यादी आली. पाच साठे निघाले. बाहेर संततधार लागली होती, बांध्यांत रोवणी संपत आली होती, बगळे पाण्यात एका पायावर उभे होते. मी त्यांच्याकडे पाहत पाहत यादीखाली लिहिलं, 'बंद करण्यास हरकत नाही.' संध्याकाळपर्यंत ज्याच्याकडे करणारी चावी होती त्यानं पाचही साठे आतल्या मालासकट मोडले.

मी काहीही मोडलं नव्हतं. मी नुसतं विचारलं होतं.

त्या वर्षी श्रावणभर पाऊस उघडलाच नाही. गणेश चतुर्थीला सकाळी पहिल्यांदा ऊन पडलं. मी खिडकीत उभी राहून केस वाळवत होते तेवढ्यात फोन आला.

"बाई, डोमाजी बोलून राहिलो. वह्या उघडून नाही राहिल्या जी."

"आत्ता कायले उघडता दादा? मंडईला अजून किती वेळ आहे!"

"आज उघाड पडली ना. ऊन दाखवाचं आहे."

"कशाला ऊन?"

"वह्याईले." ते जरा ओशाळून हसले. "पयले उघाड पडली का वह्या आंगनात खाटेवर मांडत होतो. आता मोबाइलात आहेत, तं रेखा एकेक नाटक उघडून देते आन मी मोबाइल उनात ठेवतो. येडा म्हना मले. सवय मोडत नाही."

मी हसले. देवाशपथ, मी आधी हसले. मग रेखानं फोन घेतला. "ताई, बाबाचं राहू द्या. पण खरंच काही दिसून नाही राहिलं. कोरं पान येते. अन् यंदा खड्ड्यात मी बसणार आहो. बाबाले आता अक्षर दिसत नाही, डाक्टर म्हणते काचबिंदू आहे. मले तं त्यातूनच वाचाचं आहे ना." तिचा आवाज बारीक झाला. "काही गेलं तं नाही ना ताई?"

"पाहते," म्हटलं आणि फोन ठेवला. सकाळच्या यादीत तो क्रमांक नव्हता. श्रावणातली यादी काढली, त्यात होता. खाली माझेच शब्द. मग मी वेड्यासारख्या मागच्या वर्षांच्या याद्या काढल्या. मी सगळ्या जपून ठेवल्या होत्या. दरवर्षी त्या साठ्याचा वापर होळीनंतर शून्य, आणि श्रावणात कुठल्यातरी एका दिवशी एक लहानशी रेघ वर आलेली. एका दिवसापुरती. त्या रेघेनं वर्षानुवर्षं सांगितलं होतं की इथे कोणीतरी आहे. यंदा उघाड पडायच्या आधीच मी यादी काढली, म्हणून रेघ उठली नव्हती. आणि मी, धानाच्या मुलखात वाढलेली बाई, जिला ठाऊक आहे की उन्हाळ्यात कोरडी बांधी पडीक नसते, तिनं शून्य पाहून शेरा मारला. मला माझी इतकी लाज वाटली, की मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

एक आशा होती. मोडलेला डेटाबेस क्लाउडवाले लगेच फेकत नाहीत. आमचा करार पस्तीस दिवसांचा होता, त्यानंतर कायमचा जातो. मी बोटांवर मोजलं. तेहतीस झाले होते. आणि परत आणायचं तर करणारी चावी हवी, जी मी तोऱ्यात नाकारली होती.

अनिरुद्धला फोन लावला. मागे टाळ वाजत होते. "ताई, प्रतिष्ठापना चालू आहे. गुरुजी समोर बसलेत. अर्ध्या तासानं करू का?"

"नको. आत्ताच ऐक." मी सगळं सांगून टाकलं.

तो म्हणाला, "पण तो तुमच्याच यादीत होता ना?"

"माझ्याच. शेराही माझाच."

"मालकाचा रकाना कोरा होता."

"तोही मीच ठेवला."

"का?"

आता पुण्याच्या माणसाला हे फोनवर काय सांगायचं? मी वडिलांचं ते वाक्य सांगितलं, ताडपत्रीचं सांगितलं, उदईच्या भुग्याचं सांगितलं. बोलता बोलता मला रडू फुटलं. कामाच्या फोनवर मी आयुष्यात पहिल्यांदा रडले. पलीकडे टाळ थांबले होते. अनिरुद्ध कोणाला तरी म्हणाला, "गुरुजी, दहा मिनिटं द्या." आणि मला म्हणाला, "ताई, यादी चालवत राहा. ओळ दिसली की सांगा."

तो सोवळं नेसूनच लॅपटॉपवर बसला, हे त्याच्या बायकोनं मला नंतर सांगितलं. दहा मिनिटांचा तास झाला. मी प्लेबुक चालवायचे, यादी यायची, ओळ नसायची. पुन्हा चालवायचे. त्या तासाभरात मी एकदाही बाहेर पाहिलं नाही. किती वेळा चालवलं ते आठवत नाही, पण शेवटी खाली एक ओळ जास्त आली. नवा साठा, आत एक डेटाबेस. मी रेखाला फोन केला, म्हटलं उघड. तिनं पहिलं नाटक उघडलं आणि मला समासातली नोंद वाचून दाखवली. "इथे केशोरीत शिट्टी येते, थांबणे." पुढे तिला वाचवेना.

डोमाजीदादांनी फोन घेतला. "आल्या जी वह्या. पन ऊन गेलं. जाऊ द्या, उद्या पडन."

मी विचारलं, "दादा, मालकाच्या रकान्यात काय लिहू? कोरा ठेवायचा नाही आता."

"मालक कायचा जी! मी तं नुसता सांगनारा. रेखाचं लिहा."

मग मी लिहिलं, 'रेखा डोमाजी, केशोरी. बंद करण्याआधी फोन करावा.' वडिलांचा नियम मोडला. ते असते तर उठून गेले असते, पण मला त्याचं काही वाटत नाही. पडीकचा नियमही बदलून घेतला. पूर्ण एक वर्ष पाहिल्याशिवाय आणि माणसाशी बोलल्याशिवाय कुठलाच साठा मोडायचा नाही. बाकीच्या चार साठ्यांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. दोन खरोखरच पडीक होते. उरलेल्या दोहोंचा ठाव मला लागला नाही, आणि त्यांच्यासाठी कोणाचा फोनही आला नाही. कधीमधी खिडकीत बसल्यावर ते आठवतात आणि जीव खालीवर होतो.

त्या वर्षी मी केशोरीच्या मंडईला गेले. रेखा खड्ड्यात बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर मोबाइल. मी पहिल्या रांगेत बसून कान देत होते, पण तिचा शब्द काही मला ऐकू आला नाही. त्या कामात याहून मोठी शाबासकी नाही. दुसऱ्या अंकात नायिका बापाशी भांडून वळते, त्या जागी नट थांबला. नेमकी तिथेच मागून शिट्टी आली. माझ्या शेजारी डोमाजीदादा डोळे मिटून बसले होते. त्यांनी माझ्या हातावर हलकेच थाप मारली.

यंदाच्या श्रावणात माझा नोकरीचा शेवटचा दिवस होता. निरोपाचं बोलणं दुपारी व्हायचं होतं. सकाळी मी सवयीनं प्लेबुक चालवलं आणि चहा घेऊन बसले. यादी आली. चाळीस ओळी, खाली ती एक. होळीपासून शून्य, शून्य, शून्य, आणि आजच्या तारखेला एक लहानशी रेघ. मी मान वर करून पाहिलं. तंद्रीत लक्षातच आलं नव्हतं, बांध्यांवर लख्ख ऊन पडलं होतं.

मी केशोरीला फोन लावला. दादांनीच उचलला. त्यांची नजर आता पुरती गेली आहे.

"दादा, तिकडे ऊन पडलं का हो?"

"मले कुठून दिसन जी," ते म्हणाले. "रेखा म्हनते पडलं. मोबाइल खाटेवर ठेवला होता, आता हातात घेतला. गरम लागून राहिला. म्हनजे पडलंच."